हवाई टेहळणीचे शिक्षण : ब्रिटिश विमानदळाच्या आठ क्रमांकाच्या प्रशिक्षण पथकाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासग्रंथांत हवाई टेहळणीचा उल्लेख बहुधा एखाद्या विशिष्ट छायाचित्राच्या निमित्ताने येतो. २१ मे १९४१ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका फ्योर्डमध्ये नांगरून पडलेल्या ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचे मायकेल सक्लिंग या तरुण वैमानिकाने घेतलेले छायाचित्र हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. छायाचित्र मिळाले, नौकेचा ठाव लागला, आरमार निघाले आणि सहा दिवसांनी ती नौका बुडाली, असा हा वृत्तान्त सांगण्यात येतो. तो खराच आहे. परंतु असे छायाचित्र घेणाऱ्याला आणि ते पाहून त्याचा अर्थ सांगणाऱ्याला हे काम कोणी, कोठे व कसे शिकविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर ज्या पथकांच्या इतिहासात दडलेले आहे, त्यांपैकी एक म्हणजे मे १९४२ मध्ये स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेझरबर्ग येथे स्थापन झालेले आठ क्रमांकाचे ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट होय.

प्रथम ‘टेहळणी’ या शब्दाचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. मराठीत या शब्दासरशी किल्ल्याचा बुरूज डोळ्यांसमोर येतो. बुरुजावरचा पहारेकरी पाहतो आणि पाहिलेले तोच सांगतो. त्याचे पाहणे आणि सांगणे ही एकाच माणसाची, एकाच क्षणीची क्रिया असते. विमानातील कॅमेऱ्याने ही एकता मोडली. तीस हजार फुटांवरून जाणाऱ्या वैमानिकाला आपल्या बरोबर खाली काय आहे ते दिसत नाही, आणि ज्याला ते पुढे कागदावर दिसते तो तेथे कधीच गेलेला नसतो. जाणारा पाहत नाही आणि पाहणारा जात नाही, अशी ही विलक्षण विभागणी होती. त्यामुळे शिक्षणही दोन प्रकारचे लागले व ते दोन वेगळ्या ठिकाणी झाले. आठ क्रमांकाच्या पथकाचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी या विभागणीतूनच उद्भवतात.

या शिक्षणाची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. व्हिक्टर लॉज या सैनिकी छायाचित्रकाराने १९१५ मध्ये फार्नबरो येथे रॉयल फ्लाइंग कोअरसाठी छायाचित्रणाची शाळा काढली. लॉज यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. युद्धापूर्वी वायुनौकेतून संचलनाच्या मैदानावर नजर टाकताना एका कुत्र्यामागे धावलेल्या माणसाचा माग त्यांना गवतावर स्पष्ट उमटलेला दिसला. दबलेले गवत प्रकाश वेगळ्या रीतीने परावर्तित करते, हे त्यामागील साधे कारण. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ज्याचा मागमूस लागत नाही, ते आकाशातून उघड दिसते, हा धडा पुढे फार उपयोगी पडला. कारण झाडाखाली लपविलेली तोफ दिसली नाही, तरी तिच्याकडे जाणारी पायवाट दिसते. मार्च १९१५ मधील न्यव्ह शापेलच्या लढाईपूर्वी जर्मन खंदकांचे नकाशे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून तयार करण्यात आले होते. त्याच सुमारास लॉज, मूर-ब्राबझन व कॅम्बेल यांनी विमानातून हाताने वापरावयाचा कॅमेरा सिद्ध केला.

दोन युद्धांच्या दरम्यानचा काळ या विद्येच्या दृष्टीने उपेक्षेचा गेला. फार्नबरोची शाळा चालू राहिली, परंतु तेथे मुख्यतः छायाचित्रणाचे तंत्र शिकविले जाई. शत्रूच्या प्रदेशावर जाऊन परत कसे यावे हा विषय कोणाच्याच अभ्यासक्रमात नव्हता. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हे काम ब्लेनहाइम जातीच्या बाँबफेकी विमानांकडे होते. ती मंद होती, शत्रूच्या लढाऊ विमानांना सहज सापडत आणि उंचीवर गेली की त्यांतील कॅमेरे गोठत. ऑगस्ट १९३९ मध्ये मॉरिस लाँगबॉटम या अधिकाऱ्याने एक टिपण लिहून वेगळा मार्ग सुचविला. टेहळणीचे विमान लहान व एकटे असावे, त्यावर शस्त्र असू नये, आणि त्याने केवळ वेग व उंची यांच्या बळावर निभावून न्यावे, असे त्याचे प्रतिपादन होते. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने लंडनजवळील हेस्टन येथे ही कल्पना अमलात आणली. स्पिटफायर विमानातील तोफा काढून तेथे कॅमेरे बसविण्यात आले, पेट्रोलच्या जादा टाक्या जोडण्यात आल्या, विमानाला आकाशात मिसळून जाणारा फिका रंग देण्यात आला आणि इंजिनाची गरम हवा कॅमेऱ्यांकडे वळवून गोठण्याचा प्रश्न सोडविण्यात आला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी खुद्द लाँगबॉटम यांनी फ्रान्समधून आखेनच्या दिशेने अशा स्पिटफायरचे पहिले उड्डाण केले.

कॉटन हे बुद्धिमान, हरहुन्नरी आणि वरिष्ठांना नकोसे गृहस्थ होते. जून १९४० मध्ये त्यांना दूर करून जेफ्री टटल यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. या बदलाविषयी इतिहासकारांची सहानुभूती बहुधा कॉटन यांच्याकडे असते. आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि शिक्षणाच्या दृष्टीने पाहता टटल यांच्याच कारकिर्दीत या कामाला शिस्तबद्ध संघटनेचे रूप आले, हे मान्य करावे लागते. एका माणसाच्या अंगची हुशारी त्याच्याबरोबर जाते. नवख्या माणसाला तयार करावयाचे तर ती नियमांत उतरवावी लागते. प्रारंभी नवे वैमानिक जुन्या वैमानिकांच्या सहवासात, काम करता करताच शिकत. युद्ध वाढत गेले, मागणी वाढली आणि सक्लिंगसारखे अनुभवी वैमानिक नाहीसे होऊ लागले. ‘बिस्मार्क’चे छायाचित्र घेतल्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९४१ मध्ये, सक्लिंग फ्रान्सच्या किनाऱ्याकडे गेला तो परतला नाही. अशा परिस्थितीत सहवासातून मिळणारे शिक्षण पुरे पडणे शक्य नव्हते.

मे १९४२ मध्ये फ्रेझरबर्ग येथे पथक उभे राहिले ते या गरजेतून. त्याचा कारभार किनारी विमानदळाकडे होता. कारण १९४० च्या उन्हाळ्यात आक्रमणाची धास्ती असताना शत्रूची बंदरे पाहत राहणे हे टेहळणीचे पहिले काम ठरले होते आणि टेहळणीचे सगळेच खाते त्या दलाकडे गेले होते. पथकात येणारा विद्यार्थी विमान चालविण्यास आलेला नसे. ते त्याला येतच असे. किंबहुना लढाऊ वैमानिकाच्या काही सवयी त्याला येथे विसराव्या लागत. शत्रू दिसताच त्याच्यावर झेप घेण्याऐवजी निघून जाणे, बिनतारी यंत्रावर मौन पाळणे, कळपाने न उडता तासन् तास एकटे उडणे, आणि मांडीवरचा नकाशा, घड्याळ व होकायंत्र एवढ्यांच्या आधारे शेकडो मैलांवरचा एक बिंदू गाठणे, हे नवे शिक्षण होते.

त्यातील सर्वांत कठीण भाग मात्र वरवर पाहता सर्वांत सोपा वाटतो. तो म्हणजे लक्ष्यावरून सरळ व समपातळीत जाणे. याचे गणित पाहण्यासारखे आहे. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या एफ-२४ कॅमेऱ्याचे चित्र पाच इंच लांब व पाच इंच रुंद असे. त्याला वीस इंच नाभीय अंतराचे भिंग लावून तीस हजार फुटांवरून चित्र घेतले, तर त्याचे प्रमाण एकास अठरा हजार पडते. म्हणजे एका चित्रात जमिनीचा सुमारे साडेसात हजार फूट लांबीरुंदीचा चौरस, जेमतेम दीड मैल, सामावतो. लक्ष्य या चौरसात यावयाचे तर वैमानिकाचा मार्ग त्यापासून पाऊण मैलापेक्षा अधिक ढळून चालत नाही, आणि लक्ष्य तर ऐन वेळी त्याच्या पंखाखाली व नाकाखाली झाकलेले असते. शिवाय त्या क्षणी विमान केवळ पाच अंशांनी कलले, तरी चित्राचा मध्य जमिनीवर सुमारे अडीच हजार फूट, म्हणजे अर्धा मैल, सरकतो. मैलभर दूर असताना विमान कलवून लक्ष्य पाहून घ्यावे, मग ते समपातळीत आणावे आणि पुढे घड्याळावर व स्वतःच्या हातावर विश्वास ठेवावा, ही रीत विद्यार्थ्याच्या अंगी मुरवावी लागे. खालून तोफांचा मारा होत असताना विमान न कलविणे हे स्वभावाच्या विरुद्ध असते. म्हणूनच त्याची सवय शांत आकाशात आधी लावावी लागते.

दुसरे गणित काळाचे. एकाच भूभागाची दोन चित्रे थोड्या अंतराने घेतली आणि ती एकमेकांवर साठ टक्के पडली, तरच पुढे ती दुनेत्री यंत्राखाली ठेवून उंचीसखलपणा पाहता येतो. वर सांगितलेल्या चित्राच्या बाबतीत दोन चित्रांमध्ये विमानाने तीन हजार फूटच पुढे जावयास हवे. ताशी साडेतीनशे मैलांच्या आसपासच्या वेगाने हे अंतर सहा सेकंदांत तुटते. वाऱ्याचा अंदाज चुकला की सहा सेकंदांचे पाच होतात किंवा सात होतात आणि दोन्ही परींनी नुकसान होते.

याखेरीज आकाशाचेही एक व्याकरण शिकावे लागे. विशिष्ट उंचीवर इंजिनातून निघणारी वाफ गोठून विमानामागे पांढरी रेघ उमटते आणि ती मैलोगणती दिसते. वैमानिकाने वर चढत जावे, रेघ उमटू लागली की किंचित खाली यावे आणि त्या पातळीच्या लगत खालून उडत राहावे, असा संकेत होता. त्यामुळे त्याची स्वतःची रेघ उमटत नसे, आणि वरून झडप घालू पाहणाऱ्या शत्रूची मात्र उमटे. बाहेर शून्याखाली पन्नास अंश थंडी, प्राणवायूच्या नळीत बिघाड झाल्यास सूचना न देता येणारी ग्लानी, आणि तीन-चार तासांची एकतानता, या गोष्टी वर्गात सांगता येत असल्या तरी शिकता येत नाहीत. त्यासाठी उड्डाणेच करावी लागत.

ही उड्डाणे स्कॉटलंडवरून होत, आणि तेथील डोंगर व हवामान हे निर्दय परीक्षक होते. १९४३ च्या आरंभी पथक ॲबर्डीनजवळील डाइस येथे हलले. तोपर्यंत स्पिटफायरच्या जोडीला लाकडी बांधणीचे, दोन माणसांचे मॉस्किटो विमान आले होते. ढगांतून उतरताना चार-पाच मैलांची चूक समुद्रावर क्षम्य असते. हायलँड्सच्या डोंगरांत ती क्षम्य नसते. प्रशिक्षण पथकांतील असे मृत्यू युद्धकथांत येत नाहीत, कारण तेथे शत्रू नसतो. त्यांचे प्रमाण किती होते याची कल्पना बाँबफेकी विमानदळाच्या आकड्यांवरून यावी : त्या एका दलाची सुमारे आठ हजार माणसे प्रशिक्षणात व शत्रूशी संबंध नसलेल्या अन्य अपघातांत मृत्यू पावली. टेहळणीचे दल त्यामानाने फारच लहान होते. परंतु एकट्याने, उंचावरून, वाईट हवेत उडणे हाच ज्या अभ्यासाचा विषय, त्या अभ्यासात धोका कमी असणे संभवनीय नव्हते. जानेवारी १९४५ मध्ये पथक वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्टला आणि युद्ध संपता संपता ऑक्सफर्डशायरमधील माउंट फार्मला गेले. १९४७ मध्ये त्याचे रूपांतर २३७ क्रमांकाच्या ऑपरेशनल कन्व्हर्शन युनिटमध्ये झाले आणि आठ हा क्रमांक संपला.

आता दुसऱ्या शिक्षणाकडे वळावयाचे. वैमानिकाने आणलेली चित्रे टेम्स नदीकाठच्या मेडमनम येथील डेनस्फील्ड या वाड्यात जात. १९४१ च्या वसंतापासून तेथे चित्रवाचनाचे मध्यवर्ती केंद्र होते. तेथे तीन टप्प्यांत काम चाले. विमान उतरताच काही तासांत तातडीच्या गोष्टी सांगावयाच्या, हा पहिला टप्पा. चोवीस तासांत दिवसभरातील सगळी चित्रे एकत्र पाहावयाची, हा दुसरा. आणि विमाने, आरमार, रेल्वे, कारखाने अशा स्वतंत्र विभागांनी सावकाश, सखोल अभ्यास करावयाचा, हा तिसरा. या वाचकांत पुरातत्त्वज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, चित्रकार व पत्रकार यांचा भरणा होता आणि स्त्रियांची संख्या फार मोठी होती. केंब्रिजला पुरातत्त्वाच्या प्राध्यापकपदावर नुकत्याच निवडून आलेल्या डोरोथी गॅरड तेथे होत्या. तिसऱ्या टप्प्याचे प्रमुख हॅमशॉ टॉमस हे अश्मीभूत वनस्पतींचे अभ्यासक. पहिल्या महायुद्धातही त्यांनी हेच काम मध्यपूर्वेत केले होते. खडकातील पानाच्या ठशावरून सबंध झाडाची कल्पना करणाऱ्या माणसाला हे काम साधावे, यात नवल नाही.

येथे वाचन हा शब्द केवळ अलंकारिक नाही. मोडी कागद वाचणाऱ्याला ठाऊक असते की एकेक अक्षर सुटे काढून पाहिल्यास निम्मी अक्षरे संदिग्ध राहतात; कागद कोणत्या दफ्तरातला, कोणी कोणास लिहिलेला, हे कळले म्हणजे ती बोलू लागतात. हवाई चित्राचेही तसेच आहे. एकास दहा हजार प्रमाणाच्या चित्रात दहा मीटरची वस्तू एक मिलिमीटर भरते. तिचा आकार एकटा पुरेसा नसतो. तिची सावली, तिच्याकडे येणारा रस्ता आणि शेजारच्या वस्तू, यांवरून तिचा अर्थ ठरतो. मुख्य म्हणजे त्याच जागेचे महिन्यापूर्वीचे चित्र शेजारी ठेवावे लागते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत प्रती ताडून पाहतात तशी ही चित्रे ताडून पाहत आणि पाठभेदातच अर्थ सापडे. अहवालांची भाषाही काटेकोर होती : ‘शक्य’ आणि ‘संभवनीय’ हे शब्द पर्यायी नसून खात्रीच्या दोन निरनिराळ्या पायऱ्या होत्या, आणि ज्या वस्तूची ओळख पटली नाही तिला ‘अनभिज्ञात’ म्हणणे हा कमीपणा मानला जात नसे. शिकवलेल्या गोष्टींपैकी ही कदाचित सर्वांत मोलाची होती.

तरीही चुका झाल्या, आणि त्या बोधप्रद आहेत. बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे येथे समुद्राकाठी काही तिरक्या चौथऱ्यांसारख्या रचना दिसत होत्या. जवळच समुद्र हटवून जमीन तयार करण्याचे काम चालू होते. त्यावरून त्या गाळ उपसण्याच्या यंत्रणेचा भाग असाव्यात, असे आधी ठरविण्यात आले होते. विमान विभागाच्या प्रमुख कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना ते पटले नाही. २८ नोव्हेंबर १९४३ रोजी मेरिफील्ड हा वैमानिक बर्लिनची चित्रे घेण्यास निघाला होता. तेथे ढग असल्याने तो बाल्टिककडे वळला. त्याने आणलेल्या एका चित्रात त्या तिरक्या रचनेवर एक इवलासा क्रूसाकार ठिपका बॅबिंग्टन स्मिथ यांना दिसला. व्ही-१ या उडत्या बाँबच्या पंखांची लांबी सुमारे सव्वापाच मीटर. म्हणजे चित्रात तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. चौथरे म्हणजे तो बाँब उडविण्याचे उतरण होते, हे निश्चित झाले आणि फ्रान्सच्या उत्तर भागात आढळलेल्या तत्सम जागांचाही उलगडा झाला. आधीच्या वाचकांचे डोळे अधू नव्हते. गाळ उपसणे ही गोष्ट त्यांना परिचित होती आणि वैमानिकाविना उडणारा बाँब परिचित नव्हता, एवढाच फरक. या प्रसंगात बर्लिनवरच्या ढगांचा वाटा किती, आणि दुसरे लक्ष्य कोणते घ्यावे हे जाणणाऱ्या वैमानिकाच्या शिक्षणाचा किती, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

या विद्येची एक शाखा हिंदुस्थानातही रुजली. ग्लिन डॅनियल हे पुरातत्त्वज्ञ १९४२ पासून दिल्ली येथील मध्यवर्ती चित्रवाचन विभागाचे प्रमुख होते व स्टुअर्ट पिगट हेही याच कामासाठी येथे आले. ब्रह्मदेशावरील टेहळणी कलकत्त्याजवळच्या डमडम तळावरील ६८१ व ६८४ क्रमांकांची पथके करीत. १९४३ मध्ये ती स्थापन झाली. मॉस्किटोच्या लाकडी सांध्यांतील दोषामुळे १९४४ च्या अखेरीस येथील ती विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली, ही आठवण स्कॉटलंडच्या थंडीत शिकलेल्यांना उष्ण प्रदेशाने दिलेला वेगळाच पाठ म्हणावा लागेल. पिगट यांनी मोकळ्या वेळात भारतीय प्रागितिहासाचा अभ्यास केला आणि १९५० मध्ये ‘प्रीहिस्टॉरिक इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीने ते अभ्यासिले. त्याच्या पाठीमागे युद्धखात्याची नेमणूक होती हे त्यांतील किती जणांना माहीत होते, कोण जाणे.

युद्धानंतर मेडमनमचा चित्रसंग्रह पुढे कील विद्यापीठात आणि २००८ मध्ये एडिंबरोला गेला. जर्मन शहरांत न फुटलेले बाँब कोठे पुरले गेले असतील हे शोधण्यासाठी ही चित्रे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा वाचली गेली. मोठ्या विवरांच्या शेजारचा एखादा बारीक ठिपका, जो १९४४ च्या वाचकाने सोडून दिला, तोच आता महत्त्वाचा ठरला.

आणखी एका पुनर्वाचनाचा उल्लेख अवश्य आहे. ४ एप्रिल १९४४ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या साठ क्रमांकाच्या पथकातील एक मॉस्किटो इटलीच्या दक्षिणेतील तळावरून पोलंडवर गेले. मोनोव्हिट्झ येथील कृत्रिम तेल व रबराचा कारखाना हे त्याचे लक्ष्य होते. वैमानिकाने आपले काम शिकविल्याप्रमाणे चोख केले : मार्ग सरळ, विमान समपातळीत, चित्रे एकमेकांवर बेताची पडलेली. कॅमेरा थोडा आधी सुरू होऊन थोडा उशिरा बंद होतो. त्यामुळे कारखान्यापासून काही किलोमीटरांवर असलेली आउशविट्झची छावणीही चित्रात आली. पुढील महिन्यांतील उड्डाणांत बिर्केनाऊही आले. २५ ऑगस्ट १९४४ च्या चित्रांत रेल्वेचे डबे आणि त्यांच्याजवळची माणसांची रांगही उमटली आहे. १९७९ मध्ये अमेरिकी गुप्तवार्ता खात्यातील डिनो ब्रुजिओनी व रॉबर्ट पॉइरिअर यांनी ही जुनी फिल्म नव्या यंत्रांखाली आणि वाचलेल्या कैद्यांच्या साक्षी हाताशी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांना विषारी वायूच्या कोठड्या, दहनगृहे आणि ती रांग ओळखता आली. ब्रुजिओनी स्वतः चित्रवाचक होते व त्यांनी जुन्या वाचकांना दोष दिला नाही. त्या वाचकांना कारखान्याविषयी विचारण्यात आले होते. छावणी कशी ओळखावी हे त्यांच्या कोणत्याही पाठात नव्हते. १९४४ च्या अहवालांत मोनोव्हिट्झच्या इमारती, टाक्या व बांधकामाची प्रगती यांची बारकाईने नोंद केलेली आहे. बिर्केनाऊच्या दहनगृहांची नोंद त्यांत नाही.